ज्वालामुखीच्या शेंड्यावर राहून वाम खाते काय?

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ आला. काळपट निळं पाणी, खाली काळा खडक, त्यावर गंजाच्या रंगाचा गाळ आणि भेगाभेगांतून डोकी काढून वळवळणारे सापासारखे शेकडो जीव. सोबत मजकूर होता, 'समुद्राच्या पोटात जिवंत ज्वालामुखीत राहणारे अग्निसर्प! लाव्हा पिऊन जगतात!!' पाठोपाठ हात जोडलेली सात-आठ चिन्हं.

कोरेगावच्या मावशीनं लगेच विचारलं, "आरं, ह्ये भाजत न्हाईत व्हय?"

मी साताऱ्यात मुलांना विज्ञान शिकवतो, त्यामुळे घरातले असले प्रश्न फिरून माझ्याकडेच येतात. उत्तर लिहायला बसलो आणि लक्षात आलं की दोन ओळींत हे मावणार नाही. ती जागा खरी आहे, ज्वालामुखीही खरा आहे. साप मात्र नाहीत आणि लाव्हा तर कुणीच पीत नाही. या जिवांचं ज्वालामुखीशी नेमकं काय नातं आहे, हे कळलं तेव्हा मला फॉरवर्डपेक्षा खरी गोष्टच जास्त चक्रावून गेली.

आधी जागा पाहू

प्रशांत महासागरात, विषुववृत्ताच्या खाली, सामोआ बेटांची रांग आहे. तिच्या पूर्व टोकाला ताऊ बेटाच्या पुढे एक डोंगर पाण्यातच राहून गेला आहे. त्याचं नाव वायलुलूऊ. समुद्राच्या तळापासून त्याची उंची चार किलोमीटरहून जास्त, म्हणजे साधारण अडीच कळसूबाई एकावर एक. तरी त्याचा सगळ्यात उंच काठ पाण्याखाली ५९० मीटरवर आहे. तळातून उठलेल्या पण पाण्याबाहेर न आलेल्या अशा डोंगराला सागरी पर्वत म्हणतात.

या पर्वताच्या माथ्यावर सुमारे दोन किलोमीटर रुंद आणि चारशे मीटर खोल विवर आहे. गुऱ्हाळावरची काहील डोळ्यांपुढे आणा. कड उभी, मधे खोलगट. फक्त या काहिलीची कड काही ठिकाणी तुटलेली आहे, तिथे खिंडी पडल्यात. या खिंडी पुढे कामाला येणार आहेत.

२००५ मध्ये ह्यूबर्ट स्टाउडिगेल, स्टॅनली हार्ट आणि त्यांचे सहकारी 'पायसीस ५' नावाच्या छोट्या पाणबुडीतून या विवरात उतरले. तीन माणसं मावतील एवढी ती पाणबुडी. जुन्या मोजणीप्रमाणे विवराचा तळ हजार मीटरवर असायला हवा होता. तिथे त्यांना एक नवाच डोंगर उभा दिसला, ३०० मीटर उंचीचा. सातारा शहरातून वर पाहिलं की अजिंक्यतारा साधारण तेवढाच दिसतो. आपला अजिंक्यतारा घडायला आणि झिजायला कोट्यवधी वर्षं लागली. हा चार वर्षांच्या आत उगवला होता.

त्याला नाव दिलं नाफानुआ. ही सामोआच्या लोककथांमधली युद्धदेवता. प्रतापगड ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या वाचकाला अशा देवीची वेगळी ओळख करून द्यायला नको.

समुद्राच्या मधोमध ज्वालामुखी आला कुठून?

विस्तवावर पापड धरा आणि हळूहळू एका बाजूला सरकवत जा. विस्तव जागच्या जागी असतो, पापडावर मात्र डागांची ओळ उमटत जाते. सगळ्यात ताजा डाग विस्तवाच्या बरोबर वर. पृथ्वीच्या पोटात काही ठिकाणी असा विस्तव आहे, त्याला तप्तबिंदू म्हणतात. वरचं कवच म्हणजे पापड, ते वर्षाला काही सेंटीमीटर सरकतं. सामोआची बेटं हे डाग. पश्चिमेकडचे जुने, पूर्वेकडचे नवे आणि वायलुलूऊ हा सगळ्यात ताजा.

हे वाचून सातारकरानं फार नवल करू नये. कासला जाताना गाडीच्या चाकाखाली जो काळा दगड असतो, तोही अशाच एका विस्तवाची देणगी मानली जाते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. कोयनेच्या बाजूला गोठण्याला शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, तेव्हा वरचा जवळपास सव्वा किलोमीटर नुसता हाच काळा दगड निघाला, त्याच्या खाली ग्रॅनाइट. आपला पापड पुढे सरकून उत्तरेला गेला. तो विस्तव आता मॉरिशसजवळच्या रेयुनियाँ बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे.

हे साप आहेत की मासे?

मासे. कल्ल्यांनी श्वास घेतात, पाठीवर शेपटीपर्यंत गेलेला लांबच लांब पर असतो. आपण अशा लांबुळक्या माशाला सरसकट वाम म्हणतो, म्हणून इथेही तोच शब्द वापरतो. फक्त एक घोटाळा आधीच निस्तरून घेऊ.

कृष्णेत, कोयनेत मिळणारी पाठीवर काट्यांची रांग असलेली वाम ही दिसायला तशी असली तरी खऱ्या वामीच्या कुळातली नाही. तिचं कूळ वेगळं, रूप तेवढं सारखं. आपल्या नद्यांमध्ये खऱ्या कुळातला जो मासा आहे त्याला बऱ्याच ठिकाणी अहिर म्हणतात. अंगावर ठिपके, हाताला गुळगुळीत. अहिर नदीत वाढतो पण अंडी घालायला समुद्रात जातो. कृष्णेतल्या अहिरानं ठरवलं तर त्याला अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी धरणं ओलांडून बंगालचा उपसागर गाठावा लागेल. बिचाऱ्याचं कसं होत असेल, हा वेगळ्या लेखाचा विषय.

व्हिडिओतल्या वामीचं शास्त्रीय नाव डायसोमिना रुगोसा. फूटभर लांब, फिकट रंगाची. तिच्या कुळाला इंग्रजीत 'गळा चिरलेल्या वाम' अशा अर्थाचं नाव आहे. बहुतेक माशांचे कल्ले डोक्याच्या बाजूला उघडतात, या कुळात ती फट खाली सरकून गळ्यापाशी येते आणि सुरी फिरवल्यासारखी दिसते. कूळ तसं नावाला साजेसंच आहे. यांच्यातल्या एका आखूड तोंडाच्या वामीचे दोन नग १९९२ मध्ये न्यूयॉर्कजवळ पकडलेल्या एका माको शार्कच्या हृदयात सापडले होते. हृदयावर चिकटलेले नाहीत, हृदयाच्या आत.

शेंड्यावरचं गाव

पाणबुडी नाफानुआच्या शेंड्यापाशी पोहोचली तेव्हा खोली होती सुमारे ७०० मीटर. तिथे खडकाच्या फटीफटीत या वाम दाटीवाटीनं राहत होत्या. पाणबुडी टेकली की शेकड्यांनी बाहेर पडायच्या. शास्त्रज्ञांनी त्या जागेला 'वामनगरी' म्हणावं तसंच इंग्रजी नाव ठेवलं.

आजूबाजूला गंजाच्या रंगाचा गाळ होता, काही ठिकाणी तर मीटरभर जाडीचा. ज्यांच्या बोअरच्या पाण्यात लोह आहे त्यांनी पाइपात साठणारा तांबूस बुळबुळीत थर पाहिला असेल. हाही त्याच जातीचा पदार्थ. खडकातून कोमट पाणी झिरपतं, त्यात लोह विरघळलेलं असतं. काही जिवाणू त्या लोहाचा गंज करून त्यातून ऊर्जा मिळवतात आणि मागे हा गाळ उरतो. समुद्रतळातून असं गरम, क्षारयुक्त पाणी जिथे बाहेर पडतं त्याला आपण उष्ण झरा म्हणू. तुरळच्या किंवा राजापूरच्या गरम कुंडाचं हे खोल समुद्रातलं भावंड.

मग गाळ खाऊन जगत असतील?

हाच अंदाज कुणीही बांधला असता आणि त्याला कारणही होतं.

१९७७ पर्यंत जगाची समजूत अशी होती की सगळं अन्न शेवटी सूर्याकडून येतं. वनस्पती उन्हावर अन्न करतात, बाकीचे त्यांच्या जिवावर. त्या वर्षी गॅलापागोस बेटांजवळ अडीच हजार मीटर खोलीवर उष्ण झरे सापडले आणि त्यांच्याभोवती शिंपले, खेकडे, माणसाहून लांब नळीकृमी यांची गजबज दिसली. तिथे ऊन पोहोचतच नाही. झऱ्यातल्या रसायनांवर जगणारे जिवाणू हे तिथलं शेत आणि बाकी सगळे त्या शेतावर पोसलेले. तेव्हापासून उष्ण झऱ्याजवळ गर्दी दिसली की ती झऱ्याचंच खाते, असं धरून चालायची सवय लागली.

नाफानुआवर झरे होते, जिवाणूंचा गाळ होता आणि वामींची गर्दीही होती. हिशेब जुळत होता. पण वाम पकडून त्यांनी खाल्लंय काय ते पाहिलं तर निघाली कोलंबी. तीही तळावरची नव्हे, मधल्या पाण्यात तरंगत-पोहत फिरणारी. त्या कोलंबीचा ज्वालामुखीशी काही संबंध नाही. ती खुल्या समुद्रातली आणि तिचं अन्न शेवटी वरच्या उन्हातूनच आलेलं.

म्हणजे ही वाम राहते ज्वालामुखीवर आणि जेवते समुद्राच्या घरी.

कोलंबी शेंड्यावर येतेच कशाला?

इथे थोडं थांबू, कारण सगळी मेख इथेच आहे.

ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. त्या तिथेच का उभ्या केल्या? पठारात वारा तयार होतो म्हणून नव्हे. वारा अरबी समुद्रावरून येतो, सगळीकडेच वाहतो. पण सह्याद्रीची कड आडवी आली की तो वर चढतो, माथ्यावर दाटतो, वेग घेतो. डोंगराचं काम एवढंच की तो योग्य जागी आडवा उभा आहे. पावसाचंही तसंच. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर आणि शंभरेक किलोमीटरवरच्या दहिवडीत पाचशेच्या आसपास. ढग तेच, फरक डोंगराच्या आकाराचा.

समुद्रातले प्रवाहही सागरी पर्वतापाशी असेच अडतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे अडलेलं पाणी माथ्याभोवती गोल फिरायला लागतं. सामोआ दक्षिण गोलार्धात असल्यानं हा फेरा घड्याळाच्या काट्यांच्या उलट. पाण्यात तरंगणारं जे काही असेल ते या फेऱ्यात सापडतं आणि माथ्यावर, काठावर गोळा होतं. ताक घुसळताना लोणी कसं रवीभोवती जमतं, काहीसं तसं.

त्यात आणखी एक गोष्ट. खोल समुद्रातली कोलंबी आणि तिच्यासारखे असंख्य छोटे जीव रोज येरझाऱ्या घालतात. रात्री वर चरायला जायचं, पहाट झाली की अंधारात लपायला खाली. जगातलं हे प्राण्यांचं सगळ्यात मोठं स्थलांतर आणि ते दर चोवीस तासांनी होतं. खाली उतरताना मधेच डोंगराचा माथा आला तर? सागरी पर्वतांवरच्या माशांना मिळणाऱ्या खाद्यात अशा अडकलेल्या जिवांचा मोठा वाटा असतो. एसटी स्टँडच्या दाराशी वडापावची गाडी लावणाऱ्याला गिऱ्हाईक शोधत हिंडावं लागत नाही, तसं माशांचं होतं. फक्त इथे गिऱ्हाईकच खाल्लं जातं.

मग वामीला ज्वालामुखीनं दिलं काय? दोन गोष्टी. प्रवाहात आडवा येईल असा उंच शेंडा आणि तो थंड होताना पडलेल्या भेगा. तोंड बाहेर काढून बसायला फट आणि तोंडापुढून वाहत जाणारं जेवण. आग, वायू, गंधक यांतलं तिला काहीही नको आहे, ती ते सहन करते.

माझ्या या म्हणण्याला सगळ्यात भक्कम पुरावा व्हिडिओत नाही, जुन्या नोंदीत आहे. या जातीचं पहिलं शास्त्रीय वर्णन १९५१ मध्ये झालं, तेही अटलांटिकमधल्या नमुन्यांवरून. म्हणजे नाफानुआचा जन्म व्हायच्या अर्धशतक आधी आणि पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला. ही ज्वालामुखीची खास जात असती तर तिथे सापडली नसती.

तोच डोंगर, तीनशे मीटर खाली

पाणबुडी शेंड्यावरून खाली विवराच्या तळाकडे गेली. नाफानुआ मधोमध उभा असल्यानं त्याच्याभोवती विवराचा तळ खंदकासारखा उरला आहे, किल्ल्याभोवती असतो तसा. त्या खंदकात मेलेल्या जिवांचा सडा पडला होता. मासे, माखल्या, कोलंबी. शास्त्रज्ञांनी त्याला 'मृत्यूचा खंदक' म्हटलं.

उत्तरेकडच्या खंदकात ९४५ मीटर खोलीवर एक झरा सापडला. पाण्याचं तापमान ८१ अंश सेल्सिअस, कपात ओतलेल्या चहाइतकं. आणि सामू, म्हणजे पीएच, २.७. माती परीक्षणाच्या अहवालात सामूचा रकाना असतो, तो आपल्याकडच्या शेतकऱ्याला पाठ असतो. चोपण जमिनीचा साडेआठच्या वर गेला की डोक्याला हात. ७ म्हणजे मध्यम, त्याच्या खाली आम्ल. सामूची एक पायरी म्हणजे दहापट फरक. समुद्राच्या पाण्याचा सामू आठच्या आसपास, तिथून पाच पायऱ्या उतरून हा झरा लिंबाच्या रसाजवळ जाऊन बसतो. साध्या समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे लाखपट आम्ल. त्यातून थेंबही वर जाताना दिसले, बहुधा द्रवरूप कार्बन डायऑक्साइडचे. हा वायू आपल्या हवेत द्रव राहूच शकत नाही, पण त्या खोलीवरच्या दाबाखाली राहतो. आग विझवायच्या काही लाल सिलिंडरांत तो असाच दाबून भरलेला असतो.

आता काहिलीची उभी कड आठवा. खिंडींतून बाहेरचं पाणी आत येतं, पण खिंडींच्या पातळीखालचं पाणी कोंडलेलं राहतं आणि झऱ्यांचं विष त्यात साठत जातं. जुन्या, बरेच दिवस बंद असलेल्या विहिरीत माणूस उतरण्याआधी कंदील सोडून पाहायची पद्धत होती. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. विहिरीच्या काठावर हवा चांगली, तळात जीव घेणारी. हे विवर म्हणजे दोन किलोमीटर रुंदीची तशी विहीर आहे आणि कोलंबीकडे कंदील नाही.

जो फिरता प्रवाह वामीच्या तोंडापुढे कोलंबी आणून टाकतो, तोच प्रवाह बाकीच्या जिवांना विवरात ओढून आणत असावा, असं शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे. वरच्या मजल्यावर खानावळ आणि तळघरात गॅस कोंडलेला. वाम तीनशे मीटर वर राहते म्हणून जगते.

खंदकात सगळेच मरतात असंही नाही. खवल्यांसारख्या पट्ट्या पाठीवर असलेले काही कृमी त्या आम्लात आरामात फिरत होते आणि कुजणाऱ्या माशांवरच्या जिवाणूंवर ताव मारत होते. खरे 'अग्निसर्प' कुणाला म्हणायचंच असेल तर या बोटभर किड्यांना म्हणावं. पण त्यांचा व्हिडिओ कोण फॉरवर्ड करणार?

"पण भाजत का नाहीत?" आणि आणखी शंका

मावशीच्या मूळ प्रश्नाचं उत्तर तसं सरळ आहे. शेंड्यावर लाव्हा वाहत नव्हता. झिरपणारं पाणी कोमट होतं आणि बाहेर पडताच ते सातशे मीटर खोलीवरच्या समुद्रात मिसळत होतं. ते पाणी फ्रिजमधल्या बाटलीसारखं गार असतं. भर थंडीत अंगणात बंब पेटवला तर बंबाला हात भाजतो, पण अंगण काही तापत नाही.

दुसरी शंका दाबाची. पाण्यात दर दहा मीटरला आपल्या डोक्यावरच्या सगळ्या हवेएवढा दाब वाढतो, म्हणजे शेंड्यावर आपल्याहून सत्तरपट. मग वाम चिरडत कशी नाही? प्लॅस्टिकची रिकामी बाटली बूच लावून खोल विहिरीत दाबली तर चेपते. तीच काठोकाठ भरून सोडली तर तशीच राहते. दाबानं चेपतात त्या हवेच्या पोकळ्या. माशाचं शरीर म्हणजे भरलेली बाटली, आतला दाब बाहेरच्याइतकाच. त्रास आपल्याला, कारण आपण छातीत हवेच्या दोन पिशव्या घेऊन फिरतो. म्हणून पाणबुडी लागते.

काळोखाचंही विचारतात. सातशे मीटरवर वरून अगदी पुसट निळा उजेड झिरपतो, हजार मीटरनंतर तोही संपतो. व्हिडिओतला लख्ख प्रकाश पाणबुडीच्या दिव्यांचा आहे. वामीनं आयुष्यात पाहिलेला तो बहुधा सगळ्यात मोठा उजेड असेल, त्यामुळे तिची ती वळवळ तिचं रोजचं वागणं आहे असं समजू नये.

चार वर्षांत एवढं गाव वसलं कसं?

हा प्रश्न मावशीनं विचारला नव्हता, माझ्या आठवीच्या वर्गातल्या एका मुलीनं विचारला आणि मला तो सगळ्यात आवडला. जो डोंगर २००१ मध्ये नव्हताच, त्याच्यावर २००५ मध्ये शेकडो वाम आल्या कुठून?

वामीचं पिल्लू आईसारखं अजिबात दिसत नाही. अंड्यातून निघतं ते चपटं, काचेसारखं पारदर्शक पान. हातात धरलं तर पलीकडचं वर्तमानपत्र वाचता यावं इतकं आरपार. रूप एवढं वेगळं की पूर्वी शास्त्रज्ञांनी या पानांना वेगळाच मासा समजून वेगळं नाव दिलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ग्रासी आणि कालांद्रुच्चो या दोघा इटालियन अभ्यासकांनी ही पानं पाळून पाहिली, तेव्हा त्यांची वाम झालेली दिसली.

हे पान महिनोन् महिने प्रवाहाबरोबर वाहत राहतं. सावरीचा कापूस जसा वाऱ्यावर कुठेही जातो आणि लाखांतलं एखादं बी चांगल्या जागी पडतं, तसं. वाहता वाहता अंग आटतं, गोल होतं, वाम तयार होते आणि बूड टेकायला जागा शोधते. आता असं पाहा की प्रवाह कोलंबीला ज्या माथ्यावर गोळा करतो, तिथेच तो या पानांनाही आणू शकतो. वाढपी आणि गिऱ्हाईक एकाच एसटीनं उतरले.

हा डोंगर उद्या पाण्याबाहेर येईल का?

फॉरवर्डची पुढची आवृत्ती हीच असणार, 'नवं बेट येतंय'. चार वर्षांत ३०० मीटर, तर उरलेले ७०० मीटर दहा वर्षांत, असा त्रैराशिकाचा हिशेब कुणीही करेल. तो चुकतो, आणि का चुकतो ते सांगलीच्या मार्केट यार्डात कळतं. हळदीची रास घाला. रास उंच करायची तर ती रुंदही करावी लागते, नाहीतर बाजू घसरतात. उंची दुप्पट करायला माल दुप्पट नाही, आठपट लागतो. लाव्हाच्या शंकूचं गणित तेच. जितका वर जाईल तितका प्रत्येक मीटर महाग. शिवाय ज्वालामुखी पगारी नोकरासारखा रोज कामावर येत नाही. संशोधकांनी म्हटलं ते एवढंच की काही दशकांत तो पृष्ठभाग गाठू शकतो. 'शकतो' हा शब्द फॉरवर्डमध्ये सगळ्यात आधी गळतो.

तिथल्या माणसांना मात्र हा करमणुकीचा विषय नाही. २०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ताऊ आणि शेजारच्या बेटांना दिवसामागून दिवस धक्के बसत होते. हे ताऊचं काम की वायलुलूऊचं, हेच सुरुवातीला समजेना, कारण जवळ पुरेशी यंत्रं नव्हती. ती नेऊन बसवल्यावर बोट ताऊकडे गेलं. ११ डिसेंबर १९६७ ची, कोयनेच्या भूकंपाची पहाट ज्या घरांत अजून सांगितली जाते, त्या पाटण तालुक्यातल्या माणसाला जमिनीखालच्या गुडगुडीनं झोप उडणं म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही.

आपल्याला त्याचं काय?

भारताचा 'समुद्रयान' प्रकल्प चालू आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेत 'मत्स्य ६०००' पाणबुडी घडते आहे, तीन माणसांना घेऊन सहा हजार मीटर उतरायला. माणसं बसतील तो गोळा टायटॅनियमचा, जेमतेम २.१ मीटर व्यासाचा. डिसेंबर २०२४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरात साडेचार हजार मीटर खोलीवरच्या एका जिवंत उष्ण झऱ्याचे फोटो घेतले. अशा झऱ्यांभोवती तांबं, जस्त, सोनं-चांदी यांचे साठे असतात, म्हणून देशांचे डोळे तिकडे आहेत.

खोदायचं की नाही यावर वाद होत राहतील. मला त्यात एक साधी भीती वाटते. समजा, नाफानुआवर कुणी फक्त शेंड्यावर उतरलं असतं, तर अहवाल आला असता की ज्वालामुखी जिवांनी फुलला आहे. फक्त खंदकात उतरलं असतं तर लिहिलं असतं की इथे काही जगत नाही, खुशाल खोदा. दोन्ही जागांत अंतर किती, तर सातारा शहर आणि अजिंक्यताऱ्याचा माथा यांच्यात आहे तेवढं. एका डुबकीत खोल समुद्र कळत नाही आणि एक डुबकी फार महाग पडते.

एवढं सगळं टाइप केलं, मग पुसलं आणि ग्रुपवर चार ओळी टाकल्या. साप नाहीत, वाम आहेत. लाव्हा नाही, कोलंबी खातात. पाणी गार आहे, भाजत नाहीत. व्हिडिओ खरा आहे, मजकूर खोटा.

दोन मिनिटांत मावशीचं उत्तर आलं, "वाम हाय व्हय? मग आधी सांगायचं की. कालवण करत्यात का तिकडची लोकं?"